हेतलचा जबाब

वायर तुटली तेव्हा मी टेबलाशी बसून हजेरीच्या वहीत रेघा मारत होते. आधी टचकन आवाज आला, मग वजनाच्या प्लेटा धाडकन खाली आल्या. हेतल ओरडली नाही. "ताई," एवढंच म्हणाली, तेही इतकं हळू, की मला कामातून उठवायचा तिला संकोच वाटत असावा.

मी धावले. दांडा वरून खाली ओढायचं आमचं एक मशीन आहे. दोन्ही हातांनी दांडा धरून छातीपर्यंत आणायचा, म्हणजे वर कप्पीवरून गेलेली वायर मागची वजनं उचलते. जोरात ओढत असतानाच वायर तुटली, दांडा तिच्या गळ्याखालच्या हाडावर बसला आणि ती बाकावरून मागे फेकली गेली. उजवा खांदा भलत्याच जागी दिसत होता. बाकीच्या बायका पलीकडे गाणं लावून चटयांवर व्यायाम करत होत्या, त्या धावत आल्या आणि किंचाळायला लागल्या.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार माझ्या मनात तिच्या हाडाचा आला नाही. पहिला विचार आला तो हा, की हिनं मला मंगळवारीच सांगितलं होतं, आणि ते हिला नि मला सोडून कुणाला ठाऊक नाही. त्या विचाराची मला आजही लाज वाटते. पण आला तो असा आला.

माझं नाव पौर्णिमा. शहापूरच्या बाजारपेठेमागे एका गाळ्यात आमची जिम आहे. नवरा नरेंद्र वाशिंदच्या कारखान्यात कामाला. पुरुषांच्या बॅचेस तो बघतो, साडेदहा ते एक बायकांची बॅच माझी. गाळ्याचा करार, दुकानाची नोंदणी, सगळं माझ्या नावावर. नरेंद्रनं ते मोठ्या हौसेनं केलं होतं आणि मला "मालकीणबाई" म्हणून चिडवायचा. मलाही ते आवडायचं. मालकीण म्हणजे काय, ते मला त्या गुरुवारी कळलं.

हेतल मूळची मुरबाडकडची, सरळगावच्या पुढे सिद्धगडाच्या अंगाला तिचं गाव. बी.ए. झालेली. किन्हवलीला मावशीकडे राहून एका अकॅडमीत पोलीस भरतीची तयारी करत होती. धावण्यात पक्की होती, गोळाफेकीत मार्क जायचे, म्हणून खांदे आणि पाठ बळकट करायला माझ्याकडे यायची. कमी बोलायची आणि सांगितलेलं सगळं करायची.

आता वायरचं. दोन महिन्यांपूर्वी त्या मशीनची मूळ वायर गेली. मशीनवाला म्हणाला, यायला पंधरा दिवस लागतील. पंधरा दिवस मशीन बंद म्हणजे बायका तोंड वाकडं करणार. तेव्हा नरेंद्रनं मंगळूला बोलावलं. शेतातल्या बोअरमधून बिघडलेल्या मोटरी ओढून काढायचा मंगळूचा धंदा. तो आपल्याकडची वायर घेऊन आला, मोजून कापली, कड्या दाबून बसवल्या. "वैनी, ही तीनशे फुटावरून पायपासकट मोटर वर आणतेय. तुमच्या बायका काय ओढतील?" म्हणाला. आम्ही तिघंही हसलो. आमच्या भागात बोअरची मोटर जी ओढते तिच्या ताकदीवर कुणी शंका घेत नाही.

मंगळवारी हेतलनं मला बोट दाखवलं. दांडा बदलताना वायरचे सुटलेले दोन-तीन तार तिच्या बोटात घुसले होते. मी स्टुलावर चढून पाहिलं, कप्पीशी जिथे वायर वाकते तिथे तार एकेक करून वर आले होते. मी मंगळूला फोन लावला, त्यानं उचलला नाही. मग नरेंद्रच्या डब्यातली काळी विजेची टेप काढली आणि त्या जागेवर गच्च गुंडाळली. तार दिसेनासे झाले. "उद्या बघते," म्हटलं. बुधवारी विसरले. विसरले हे तरी खरं की नाही, मला सांगता येत नाही. गुरुवारी वायर तुटली.

शहापुरातल्या डॉक्टरांनी हेतलला तडक कल्याणला पाठवलं. तिथे हाडाला धातूची पट्टी बसवली. हाड जुळेल म्हणाले. पण उजव्या हाताची बोटं हलत नव्हती. नस दबली आहे की तुटली आहे हे काही आठवड्यांनी कळेल, असं डॉक्टर म्हणाले, आणि जाता जाता म्हणाले, "अपघात आहे, पोलिसांना कळवलंय." हेतलची आई, सुंदरामावशी, भिंतीला टेकून खाली बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि "पोलिस कशाला?" असं मलाच विचारलं.

शुक्रवारी शहापूरच्या ठाण्यातून हवालदार बाई आल्या. साधारण माझ्याच वयाच्या, चष्मा लावलेल्या, घाई न करणाऱ्या. त्यांनी फोटो काढले, पंचनामा केला, तुटलेली वायर पिशवीत घातली. घालता घालता थांबल्या.

"ही टेप कशाला लावलीय?"

मी तोंड उघडायच्या आत नरेंद्र म्हणाला, "हाताला लागू नये म्हणून असते मॅडम. पयल्यापासूनच हाय." त्याला टेपचं काहीच माहीत नव्हतं. बायको संकटात दिसली आणि याच्या तोंडून आलं ते बोलून गेला. मी मान हलवली. एक खोटं झालं.

मग त्यांनी हेतलचा फॉर्म मागितला. जिममध्ये नाव घालताना प्रत्येकीकडून एक छापील फॉर्म घ्यायचा असतो. "व्यायाम करताना दुखापत झाल्यास मी स्वतः जबाबदार राहीन, जिमचे चालक जबाबदार राहणार नाहीत," असं त्यावर लिहिलेलं आणि खाली सही. हा मजकूर आम्ही कल्याणच्या एका जिमवरून उतरवून घेतला होता. माझ्याकडे बासष्ट फॉर्म होते. बासष्टच्या बासष्ट सह्या माझ्या.

हसू नका. मी नऊ वर्षं आमच्या बचत गटाची सचिव आहे. मीटिंगला पंधरापैकी सहाजणी येतात, बाकीच्या शेतावर नाहीतर चुलीशी. रजिस्टरमध्ये मात्र पंधरा सह्या लागतात. "तू कर गो माझी सही," असं सगळ्या सांगतात, आणि मी करते. कुणाची तिरकी, कुणाची गोल, कुणाचं शेवटचं अक्षर लांबवलेलं. त्यात फसवणूक आहे असं आमच्यातल्या एकीच्याही मनात कधी आलं नाही. जिम काढल्यावर तोच हात तसाच चालत राहिला. बायका चपला हातात घेऊन, घामाघूम, जीप गाठायच्या घाईत असायच्या. "फॉर्म तूच भर," म्हणायच्या. हेतलची सही मी जरा ऐटीत केली होती, होणारी पोलीस म्हणून. हवालदार बाईंनी ती पाहिली आणि फॉर्म फाईलला लावला. "जखमी मुलगी बोलण्याच्या स्थितीत आली की तिचा जबाब घेऊ," म्हणाल्या.

शनिवारी आम्ही वकिलांकडे गेलो. कोर्टाजवळ बसणारे, वयस्कर, शांत. मी आधी फॉर्मचंच बोलले. ते हसले. "हा कागद तुम्हाला वाचवील असं कुणी सांगितलं? व्यायाम करताना कुणाची पाठ धरली, पाय मुरगळला, तर एक वेळ त्याचा उपयोग. तुमचं मशीनच धोक्याचं असेल, तर ती तुमची हयगय. ती कुणाच्या सहीनं धुऊन निघत नाही. शिवाय ती फी भरणारी ग्राहक आहे, भरपाईचा दावा वेगळा करता येतो."

"आन पोलीस केस?" नरेंद्रनं विचारलं.

"निष्काळजीपणामुळे गंभीर दुखापत. शिक्षा होऊ शकते. सगळा प्रश्न एका गोष्टीवर येईल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वायर खराब झालीय हे तुम्हाला आधी माहीत होतं का? कुणी सांगितलं होतं?"

"नाय," मी म्हटलं. दुसरं खोटं. नरेंद्र सुटकेचा श्वास सोडून खुर्चीत मागे टेकला. त्याच्याकडे मला पाहवेना.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मलाच माहीत. जिम बंद होती. घरासमोर गाडी थांबली की मी दाराआडून बघायचे. फोन वाजला की आधी नंबर पाहायचे, मग उचलायचा की नाही ते ठरवायचे. भाकरी थापताना मनात हवालदार बाईंची आणि माझी प्रश्नोत्तरं चालायची आणि भाकरी करपायची. मंगळू येऊन गेला. तोही भ्यालेला. "वैनी, मी माझ्या एका दोस्ताला विचारला. ती वायर मोठ्या चाकावर टिकतेय. छोट्या कप्पीवर वाकून वाकून एकेक तार तुटत जातो. मला काय म्हाईत?" म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. मला मंगळवारपासून माहीत होतं. हाच आमच्या दोघांतला फरक, आणि तो सांगू शकेल अशी या जगात एकच व्यक्ती होती.

हेतलला घरी सोडल्याचं कळलं, तेव्हा एका रविवारी मी तिच्या गावी गेले. नरेंद्र नको म्हणत होता. भेटायला जाते, एवढंच मी सांगितलं. खरं म्हणजे मला बघायचं होतं की ती काय बोलणार आहे.

ओटीवर खाट टाकून ती बसली होती. हात गळ्यात बांधलेला. सुंदरामावशीनं चहा आणला आणि कप हेतलच्या डाव्या हातात दिला. बोटांबद्दल मी विचारलं नाही, दिसतच होतं. मावशी माझ्यासमोर खाली बसली, मी वर बसायला सांगत असतानाही.

"बाई, एक इचारू? ठाण्यातून निरोप आला तवा सांगितला, पोरीनं कागदावर सही केलीय म्हनं, जे व्हईल ते माझ्या अंगावर म्हनून. मग तुमचा मशीन मोडला, त्याचा आमाला भरून द्यायला लागंल काय?"

या बाईची मुलगी माझ्या मशीननं मोडली होती आणि ही मलाच भीत होती. तेही मी केलेल्या सहीपायी. "नाय हो मावशी, तसं काय नाय," इतकंच मी म्हटलं. सही तिची नाही, माझी आहे, हे त्याच वेळी सांगता आलं असतं. मी चहा पीत राहिले.

मावशी आत गेल्यावर हेतल पुढे झुकली. "ताई, तुमी घाबरू नका. उद्या ठाण्यात बोलावलाय. मी सांगनार, सही माझीच हाय. वायरचा मला काय म्हाईत नाय. माझाच हात निसटला."

"असं का सांगतेस?" मी विचारलं.

"मला केस नको ताई. भरतीत चारित्र्य तपासतात. ठाण्यात नाव गेला, केस लागली, की झाला. आमच्या अकॅडमीतल्या एकाचा चान्स तसाच गेला. हात बरा व्हईल. केस लागली तर ती कशी पुसायची?"

ती चुकत होती, हे मला माहीत होतं. वकिलांकडे बसून बसून तेवढं मला कळायला लागलं होतं. ज्याच्यावर केस होते त्याचं नाव खराब होतं, जखमी होऊन तक्रार देणाऱ्याचं नाही. तिच्या अकॅडमीतल्या मुलानं कुणाला तरी मारलं असणार. एक वाक्य बोलले असते तर तिची भीती गेली असती. पण तिची भीती होती तोवरच मी सुरक्षित होते. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि "सांभाळून राहा" म्हटलं. जीपमध्ये बसल्यावर मला इतकं हलकं वाटलं, की मी किन्हवलीला उतरून वडापाव खाल्ला. तो वडापाव मला अजून पचलेला नाही.

सोमवारी अकराला आम्ही ठाण्यात, जिमची मालकीण म्हणून मलाही बोलावलं होतं. नरेंद्र बाहेर मोटरसायकलशी थांबला. "ती गप्प बसते तर तू कशाला तोंड उघडतेस? फक्त बसून ऱ्हा," असं त्यानं मला तीनदा बजावलं होतं. आत एका टेबलाशी हवालदार बाई, समोर हेतल आणि तिची आई, मी बाजूच्या बाकावर.

हेतलनं ठरल्याप्रमाणे सगळं सांगितलं. सही माझी. वायरचं माहीत नाही. हात निसटला. हवालदार बाई लिहीत गेल्या. एकदा त्यांनी विचारलं, "हात निसटला तर वायर कशी तुटली गं?" हेतल खाली बघत "म्हाईत नाय" म्हणाली. त्यांनी तेही लिहिलं आणि कागद तिच्याकडे फिरवला. "वाचून सही कर."

हेतलनं पेन डाव्या हातात घेतलं. एक उभी रेघ आली, मग पेन घसरलं. पुन्हा धरलं. मग तिनं गळ्यातल्या पट्ट्यातून उजवा हात काढला आणि त्या बोटांमध्ये डाव्या हातानं पेन खोचायला लागली. बोटं मिटत नव्हती. पेन टेबलावर पडलं. तिनं उचललं, पुन्हा खोचलं, पुन्हा पडलं.

"राहू दे," हवालदार बाई म्हणाल्या आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं. "अंगठा दे."

"अंगठा नको!" सुंदरामावशी एकदम उभी राहिली. जन्मात ती इतक्या मोठ्यानं बोलली नसेल. "अंगठा मी देतेय. माझी पोर बी.ए. हाय. तिचा अंगठा नको घेऊ बाय."

हेतलनं आईचा पदर धरून तिला खाली ओढलं आणि डावा अंगठा पॅडकडे नेला. तिला लवकर संपवायचं होतं. मी तुम्हाला सांगते, मी काही थोर बाई नाही, मला तेव्हाही तुरुंगच दिसत होता. पण तो अंगठा त्या खोट्या कागदावर पडलेला मला बघवला नसता.

"मॅडम, थांबा," मी म्हटलं. "फॉर्मवरची सही तिची नाय. मी केलीय. सगळ्यांच्या मीच केल्यात."

हेतलनं अंगठा मागे घेतला. "ताई! काय करताय? माझी केस लागंल!"

"नाय लागत गो. मॅडमना विचार." मी हवालदार बाईंकडे वळले. "हिनं तक्रार दिली तर हिच्या भरतीत अडचण येईल का? तिला तेवढीच भीती हाय. म्हणून ती खोटं बोलतेय."

हवालदार बाईंनी चष्मा काढला. "वेडी आहेस का गं? केस आरोपीवर असते. तू जखमी आहेस. मी स्वतः भरती दिलीय, मला माहीत नसेल?"

"नक्की मॅडम?"

"नक्की."

सुंदरामावशीला फार कळलं नसावं, पण सही पोरीची नाही हे कळलं. तिनं बाकावर सरकून माझा दंड घट्ट धरला. "बरा सांगितलास गो बाय," म्हणाली आणि रडायला लागली. तिचा हात गरम होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला. हवालदार बाईंनी आधीचा कागद बाजूला ठेवला आणि कोरा घेतला.

हेतलनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मग लिवा," ती म्हणाली. "वायरचा मी ताईंना मंगळवारी सांगितला होता. माझ्या बोटातून रगत आला होता. त्यांनी चढून बघितला आन टेप लावली."

हे येणार हे मला माहीत होतं. इतके दिवस मी यालाच भीत होते. मी मान खाली घातली. मावशीचा हात अजून माझ्या दंडावर होता, आणि मला वाटलं, चला, झालं एकदाचं.

"आन गुरुवारी मी त्या मशीनवर बसतच नव्हती," हेतल पुढे म्हणाली. "मी म्हटला, ताई, आज दुसरा करते, मला त्याची भीती वाटतेय. तर ताई हसल्या. म्हनल्या, एका वायरला घाबरतेस, तर पोलिसात जाऊन काय करनार गो? मला लाज वाटली. म्हनून बसली."

हे मी वकिलांना सांगितलं नव्हतं. नरेंद्रला सांगितलं नव्हतं. तुम्हाला इतका वेळ सगळं खरं सांगते असं दाखवत होते, पण हे तुम्हालाही सांगितलं नाही.

हवालदार बाईंचं पेन थांबलं होतं. "असं म्हणालात तुम्ही?"

"म्हणाले," मी सांगितलं.

त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि मग, ठाण्यातल्या रिवाजाप्रमाणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. सुंदरामावशीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या दंडावरचा हात काढून घेतला आणि तोच हात मुलीच्या पाठीवर ठेवला.